ऐनाच्या पानांवरचे रेशीम

विदर्भाच्या पूर्वेकडील चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील ऐन व अर्जुनाच्या झाडांवर टसर पतंगाची अळी वाढते. या मोठ्या पतंगाच्या प्रत्येक पंखावर पारदर्शक, डोळ्यासारखा ठिपका असतो. प्रौढावस्थेत त्याला खाण्यास उपयोगी तोंडच नसल्याने अळीपणी साठविलेल्या अन्नावर तो जेमतेम काही दिवस जगतो. अळी चार वेळा कात टाकून पूर्ण वाढली की स्वतःभोवती अंड्याच्या आकाराचा टणक कोसा, म्हणजे रेशमाचा कोष, विणते व चिवट देठाने तो फांदीला घट्ट बांधून ठेवते.

या भागात कोशांची शेती परंपरेने ढिवर समाजाने सांभाळली. मासेमारीवर जगणारी ही मंडळी पावसाळ्यात जंगलात खोपी बांधून राहत, पक्षी व मुंग्यांपासून अळ्यांची राखण करीत आणि त्या काळात मांसाहार वर्ज्य मानून व्रतस्थ राहत. या कडक नियमांमागे केवळ श्रद्धा नव्हे, तर नाजूक पिकाविषयीचा खरा जिव्हाळाही दिसतो. कोसे क्षारयुक्त पाण्यात उकळून मऊ केले जात, मग स्त्रिया मांडीवर पीळ देत त्यांचे सूत काढीत आणि कोष्टी विणकर त्याचे कापड विणीत.

वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी बंगालमधील टसर अळीचे वर्णन 1804 मध्ये प्रसिद्ध केले. हे रेशीम रंग सहज धरत नसे. ती अडचण इंग्लंडमधील रंगारी थॉमस वॉर्डल यांनी दूर केली आणि 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात रंगविलेले टसर मांडल्यानंतर युरोपात त्याची मागणी वाढली.