जप्तीच्या यादीत काय नसतं

मी ठाणे जिल्ह्यातल्या दापोड्याचा. नोकरी दिवाणी कोर्टात, बेलिफ म्हणून. निकाल लागला की लोक पेढे वाटतात. आमचं काम तिथून पुढे सुरू व्हायचं. हुकूमनामा हाती आल्यावरच पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलनं 1872 सालीच नोंदवलं होतं.

आमच्या गावात भातखाचरं गेली, गोदामं आली. जप्तीला गेलं की शटर वर जायचं, आत कापडाच्या गाठी छतापर्यंत. पंच बोलावून मोजायला घ्यावं, तर ऋणको चलनं पुढे करायचा, ‘‘साहेब, माल पार्टीचा. माझं नुसतं भाडं.’’ पुष्कळदा ते खरंही असायचं. मग ज्याचा माल तो हरकत घेणार, कोर्ट ती तपासणार. त्यापेक्षा ऋणकोला येणं असलेलं भाडं किंवा त्याचं बँकेतलं खातं जप्त करणं सोपं, असं मी हुकूमनामा घेऊन आलेल्या टेम्पोवाल्यांना सांगायचो. दोन खेपांचं भाडं बुडालं तर त्यांचाही हप्ता थकतो.

पण ऋणकोला कायद्यानं आडोसा दिला आहे, आणि तो मला मोलाचा वाटतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, मंगळसूत्रासारखा दागिना, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं यांना हात लावायचा नाही. सूर्य मावळल्यावर कुणाच्या घरात शिरायचं नाही.

हा आडोसा नसला की काय होतं, ते 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात दिसलं. पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं हिसकावून जाळली. मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी खत नवं व्हायचं, व्याज मुदलात मिसळायचं. समन्स निघे, कुळ कोर्टात येत नसे, निकाल एकतर्फी. 1879 च्या कायद्यानं पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांत न्यायाधीशाला खतामागचा हिशेब मुळापासून तपासायला लावला, हप्ते बांधून द्यायची मुभा दिली, शेतकऱ्याची कर्जापायी अटक थांबवली. न्यायमूर्ती रानड्यांनी या कायद्याखाली वर्षानुवर्षं काम केलं. आमचा ठाणे जिल्हा त्या चारांत नव्हता.

असा एकतर्फी निकाल लागू नये म्हणून समन्स घेऊन गेलो की मी दारातच सांगायचो, ‘‘दादा, सही करा नि तारखेला या.’’ एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला 30 दिवस. समन्स नीट बजावलंच नसेल, तर हुकूमनामा कळल्यापासून 30. वसुलीच्या दरखास्तीला मात्र 12 वर्षं आहेत.