रायपूरच्या वेशीवरील वस्ती

नागपूरकर भोसल्यांची फौज १७४१ साली भास्करपंत कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालच्या स्वारीवर निघाली, तेव्हा वाटेत तिने रतनपूरच्या हैहयवंशी राज्याला नमविले. त्या स्वाऱ्यांची धास्ती बंगालच्या अंगाईगीतांत 'बर्गी' या शब्दाने अद्यापि रेंगाळते आहे. पुढे सव्वादोन शतकांनी बंगालचाच शेतकरी परागंदा होऊन याच मुलखात यावा, हा इतिहासाचा विलक्षण न्याय म्हणावा लागेल.

मराठी माणूस छत्तीसगडात आला तो सत्तेबरोबर. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहिले. १८१८ नंतर इंग्रजांनी मुख्य ठाणे रायपुरास हलविले. १८६१ मध्ये नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी झाली आणि वकील, शिक्षक, कारकून यांची ये-जा वाढली. 'तात्यापारा' या मोहल्ल्याच्या नावात मराठी संबोधन आणि छत्तीसगढी 'पारा' एकत्र नांदतात. मराठी मातृभाषेच्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक हिंदीत काढले, यावरून ही वस्ती किती मुरली होती ते कळते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले. घरे जागची हलली नाहीत. राजधानी तेवढी भोपाळला गेली, आणि राज्यकर्त्यांची भाषा बोलणारे एका दिवसात भाषिक अल्पसंख्य ठरले.

माना येथील कथा निराळी. शहराच्या दक्षिणेकडील या गावी १९६४ मध्ये, पूर्व पाकिस्तानातील दंगलींनंतर, निर्वासितांच्या छावण्या उभ्या राहिल्या. येथून माणसे पुढे दंडकारण्य प्रकल्पात पाठवायची, अशी योजना होती. काही बंगाली कुटुंबे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातही वसविली गेली. 'भाठा' म्हणजे छत्तीसगढी बोलीत मुरमाड, पाणी न धरणारी उंचवट्याची जमीन. नद्यांच्या गाळात भात लावणाऱ्या हातांना छावणीच्या वाट्याला आलेला मुलूख असा. शिधा मिळत होता, पण शिध्यावर जगणारा शेतकरी आतून खचतो. १९७८ मध्ये छावण्यांतील आणि वसाहतींतील हजारो माणसे सुंदरबनातील मरीचझापी बेटाकडे निघून गेली. तेथे पश्चिम बंगाल सरकारने १९७९ मध्ये नाकेबंदी केली, बळाने बेट रिकामे केले, माणसे मेली. उरलेल्यांपैकी कित्येकांना पुन्हा मध्य भारताची वाट धरावी लागली.

यांतील बहुसंख्य नामशूद्र होते. पश्चिम बंगालात ही जात अनुसूचित आहे. छत्तीसगडच्या यादीत तिचे नाव नाही, कारण अनुसूचित जातींच्या याद्या राज्यवार ठरतात. अस्पृश्यतेचा वारसा सीमा ओलांडून सोबत आला, त्याचे प्रमाणपत्र मात्र आले नाही.

१९०१ साली रायपूरची वस्ती सुमारे ३२ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती दहा लाखांवर गेली. २००० साली, पुन्हा १ नोव्हेंबरलाच, छत्तीसगड वेगळे राज्य झाले आणि रायपूर स्वतःच राजधानी बनले. शहर पसरत मानापर्यंत पोहोचले, तेथे विमानतळ आहे, पलीकडे नवा रायपूरचे रुंद रस्ते आहेत. मुक्काम हलविण्यासाठी वसविलेली छावणी आता नगर पंचायत आहे; तिचे अधिकृत नाव मात्र आजही 'माना कॅम्प' असेच आहे.