पिल्लाला किती दिवसांनी मोजायचं?

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताय ना? मग 'लॉन्गिट्यूडिनल स्टडी' हा शब्द तुम्ही ऐकला असेलच. त्याच त्या जिवांना पुन्हा पुन्हा मोजायचं आणि वेळेबरोबर ते कसे बदलतात ते बघायचं, इतका साधा अर्थ. याचं एक चांगलं उदाहरण कुत्र्याच्या पिल्लांचं आहे.

अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरला जॅक्सन लॅबोरेटरी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी एक प्रश्न हाती घेतला: कुत्र्याच्या स्वभावात आनुवंशिकतेचा वाटा किती? त्यांनी बसेंजी, बीगल, कॉकर स्पॅनियल, शेटलंड शीपडॉग आणि फॉक्स टेरियर अशा पाच जाती निवडल्या. सगळी पिल्लं शक्य तितकी सारखी वाढवायची, ठरलेल्या वयाला ठरलेल्याच चाचण्या घ्यायच्या. नाहीतर दिसणारा फरक जातीचा की संगोपनाचा, हे कळणार कसं?

नोंदी साचत गेल्या तसं वाढीचं वेळापत्रकही दिसायला लागलं. डोळे उघडतात ते दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी. आवाजाला पिल्लू दचकायला लागतं ते तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी. आणि साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात त्याची इतरांशी नाती जुळतात. महिन्यातून एकदाच मोजलं असतं तर पहिले दोन टप्पे दोन नोंदींच्या मधे हरवले असते. म्हणून किती वेळाने मोजायचं, हे आपल्या सोयीवरून नाही, बदलाच्या वेगावरून ठरवा.

पण नुसत्या नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही. म्हणून फ्रीडमन, किंग आणि इलियट यांनी प्रयोग केला. तो 1961 साली 'सायन्स'मध्ये आला. उंच कुंपणाच्या मैदानात, माणसांपासून लांब पिल्लं वाढवली. काहींना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात, फक्त एक आठवडा माणसांचा सहवास दिला. कंट्रोल गटाला चौदाव्या आठवड्यापर्यंत काहीच नाही. ती पिल्लं माणसांना घाबरतच राहिली.

निष्कर्ष पक्का झाला, पण त्याची किंमत त्या पिल्लांनी मोजली. 'कंट्रोल' हा आपल्यासाठी तक्त्यातला एक रकाना असतो. तिथे ते आख्खं बालपण होतं. आज असा प्रयोग करायचा तर आधी प्राण्यांविषयीच्या एथिक्स कमिटीपुढे जावं लागतं.

तेव्हा प्रपोजल लिहिताना दोन प्रश्न स्वतःला नक्की विचारा. मी पुरेशा वेळा मोजतोय का? आणि माझ्या कंट्रोल गटाच्या वाट्याला नेमकं काय येणार आहे?