सामुदायिक फिजिओथेरपिस्ट नेमकं काय करतात? गावातल्या रुग्णाला त्यांची गरज का असते?

'अंगावरून वारं गेलं' असं पक्षाघाताबद्दल गावाकडे म्हटलं जातं. रुग्णाचा जीव वाचतो, काही दिवसांत सुट्टी मिळते आणि तो घरी येतो. पण त्याला कुशीवर कसं वळवायचं, कधी बसवायचं, उभं करायचं की नाही, हे घरात कुणालाच माहिती नसतं.

जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादसारख्या गावात ही अडचण आणखी वाढते. पुढच्या उपचारांसाठी तालुक्याला भोकरदन किंवा जिल्ह्याला जालना गाठावं लागतं. व्यायाम तर कित्येक महिने, जवळपास रोज करायचे असतात. प्रत्येक फेरीला गाडीभाडं लागतं आणि सोबतच्या माणसाची मजुरी बुडते. अशा वेळी उपचार मध्येच सुटण्याची शक्यता मोठी असते.

पक्षाघातानंतर सर्वाधिक सुधारणा साधारण पहिल्या तीन महिन्यांत होते. त्यानंतरही ती होत राहते, पण वेग कमी होतो. म्हणूनच या काळात रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचणं हे सामुदायिक फिजिओथेरपिस्टचं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे.

ही कल्पना आली कुठून?

1978 साली अल्मा-आटा इथल्या जागतिक परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' हे ध्येय मांडलं गेलं. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेनं 'समुदाय आधारित पुनर्वसन' ही पद्धत पुढे आणली. पुनर्वसनाची सेवा शहरातल्या रुग्णालयांपुरती न ठेवता ती गावात, कुटुंबाच्या मदतीनं द्यायची, असा त्यामागचा विचार होता.

भारतात त्याची गरज आकड्यांतही दिसते. 2011 च्या जनगणनेनुसार देशात 2.68 कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या आणि त्यातल्या सुमारे 69 टक्के ग्रामीण भागात राहत होत्या. महाराष्ट्रात ही संख्या 29 लाखांहून अधिक होती.

घरी आल्यावर ते काय पाहतात?

आधी रुग्ण आणि मग त्याचं घर. खाटेची उंची किती, उंबरा किती उंच, न्हाणीची फरशी निसरडी आहे का, संडास घरात की बाहेर, तिथपर्यंत रात्री उजेड असतो का, हे सगळं तपासलं जातं.

एक सोपी चाचणीही होते. खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. ज्येष्ठ व्यक्तीला यासाठी 12 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला, तर पडण्याचा धोका आहे असं मानतात.

त्यानंतर ध्येय ठरतं. 'पायाची ताकद वाढवणं' यापेक्षा 'महिनाभरात कुणाच्या आधारानं न्हाणीपर्यंत जाणं' हे ध्येय घरच्यांना लगेच कळतं. साधनंही घरातलीच असतात. पाण्यानं भरलेली अर्ध्या लिटरची बाटली अर्ध्या किलोचं वजन होते, खाटेला बांधलेला दोर उठून बसायला मदत करतो आणि गुंडाळलेला टॉवेल गुडघ्याच्या व्यायामाला पुरतो.

कोणाकोणाला उपयोग होतो?

पक्षाघाताचे रुग्ण: अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. उठवताना लुळा हात ओढायचा नाही, त्यानं खांदा निखळू शकतो. ही दोन कामं घरच्यांना शिकवली तरी बरंच नुकसान टळतं.

लहान मुलं: बाळ चार महिन्यांचं होऊनही मान धरत नसेल, नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नसेल किंवा दीड वर्षानंतरही चालत नसेल, तर तपासणी गरजेची आहे. 'मोठं झालं की चालेल' म्हणत थांबलं, तर उपचारांचा महत्त्वाचा काळ निघून जातो.

शेतात राबणारे: कापूस वेचताना तासन्‌तास वाकावं लागतं आणि कमरेच्या झोळीचं वजन वाढत जातं. झोळी वरचेवर रिकामी करणं, अधूनमधून ताठ उभं राहणं आणि ओझं अंगाजवळ धरून उचलणं, असे कामातच बसणारे बदल सुचवले जातात. मजुरी सोडून विश्रांती घ्या, हा सल्ला बहुतेकांना परवडत नाही.

फिजिओथेरपिस्ट रोज येऊ शकतात का?

नाही. म्हणून त्यांचं निम्मं काम शिकवण्याचं असतं. सून, मुलगा किंवा नवरा-बायको यांच्याकडून व्यायाम करून घेतला जातो, चुका दुरुस्त केल्या जातात आणि पुढच्या भेटीपर्यंतचा क्रम लिहून दिला जातो. आशा सेविकांना घराघराची माहिती असते. कोण पडलं, कुणाचं बाळ मागे आहे, ही खबर त्यांच्याकडून लवकर मिळू शकते.

सरकारी सेवा कुठे मिळते?

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांमध्ये सहसा फिजिओथेरपिस्ट नसतात. 2010-11 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोवृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची आणि अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांसाठी गृहभेटींची तरतूद आहे. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी आणि शाळेत तपासणी होते. गरज असेल तर त्यांना जिल्हा स्तरावरच्या केंद्राकडे पाठवलं जातं. चौकशीची सुरुवात आशा सेविका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करता येते.

खात्री कशी करायची?

मालिश करणारा प्रत्येक जण फिजिओथेरपिस्ट नसतो. त्यासाठी बीपीटी ही पदवी लागते. महाराष्ट्रात व्यवसाय करण्यासाठी राज्य परिषदेकडे नोंदणी आवश्यक आहे, त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये.

कधी थांबू नये?

अचानक तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं किंवा बोलणं अडखळणं ही पक्षाघाताची लक्षणं आहेत. अशा वेळी व्यायाम किंवा मालिश न करता लगेच 108 वर फोन करावा. गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. छातीत दुखणं, पोटरीला अचानक सूज येणं किंवा कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा जाणं, अशा वेळीही आधी डॉक्टरकडे जावं. फिजिओथेरपिस्टही रुग्णाला तिकडेच पाठवतात.