पिशवीतल्या पाण्याचा इतिहास

दुकानातून सोनमासा आणताना आपण तो फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाण्यासकट घरी आणतो. मासा टाकीत जातो आणि पिशवीतले पाणी मोरीत. या पाण्याचाही एक इतिहास आहे. गंमत म्हणजे, त्याची सुरुवात माशांपासून नव्हे, तर जपानमधील आमांशाच्या रोग्यांपासून होते.

जपानमध्ये 1955 साली एका रोग्याकडून मिळालेला शिगेला हा आमांशाचा जीवाणू सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना दाद देईना. एकाच जीवाणूत चार बदल एकदम कसे झाले? 1959 च्या सुमारास ओचिआई, अकिबा या संशोधकांच्या प्रयोगांतून उलगडा झाला. प्रतिकाराचा गुण केवळ वारशाने मिळतो असे नाही. एक जीवाणू तो शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतो. डीएनएच्या ज्या लहान कड्यांवरून हा गुण जातो, त्यांना आपण प्लाझ्मिड म्हणतो.

मग हे फक्त माणसाच्या आतड्यातच घडते का? 1971 साली जपानमध्येच आओकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माशांच्या एका रोगजंतूतही अशी प्लाझ्मिडे आढळली. 1976 साली कॅनडातील ट्रस्ट आणि व्हिटबी यांनी शोभेच्या माशांच्या पाण्यातील जीवाणूंमध्ये प्रतिजैविकांना प्रतिकार असल्याचे दाखवले.

याचे कारण समजण्यासारखे आहे. शोभेचे मासे दाटीवाटीने वाढवले जातात आणि विमानाने दूरदूर पाठवले जातात. रोग होऊ नये म्हणून प्रवासाच्या पाण्यातही प्रतिजैविके घालतात. औषध प्रतिकार निर्माण करत नाही, ते चाळणीचे काम करते. दुबळे जीवाणू मरतात; प्रतिकार करणारे उरतात, वाढतात आणि आपली प्लाझ्मिडे शेजाऱ्यांना देतात.

2009 साली ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी अशा माशांतील एरोमोनास जीवाणू 34 औषधांवर तपासले. उष्ण प्रदेशातील मासे व त्यांचे पाणी यांतून मिळालेल्या 94 नमुन्यांपैकी 47 नमुने 15 किंवा अधिक औषधांना पुरून उरले. एरोमोनासमुळे माणसाच्या जखमाही चिघळू शकतात, म्हणून ही बाब केवळ माशांपुरती राहत नाही.

शाळेत माशांची टाकी असेल, तर मासा मलूल दिसताच पाण्यात कॅप्सूल सोडण्याचा मोह आवरावा. गर्दी कमी करावी, पाण्याचा काही भाग बदलावा, नवा मासा काही दिवस वेगळा ठेवावा. हाताला जखम असताना टाकीत हात घालू नये आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. टाकीचे पाणी ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नये.

आणि विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : टाकीत औषध घातले, तेव्हा ते आपण नेमके कोणाला दिले? एका आजारी माशाला, की त्या पाण्यातल्या कोट्यवधी जीवाणूंना?