सरकी दाताखाली

बाबा सरकी घ्यायला जिनात गेले की आधी पोत्यात कोपरापर्यंत हात घालत. "वरची सरकी सगळ्यायचीच चांगली असते," म्हणत. मुठीत आलेली सरकी तळव्यावर पसरून तिच्यावर फुंकर मारायची आणि एक दाणा दाढेखाली धरायचा. कट्‌कन फुटला तर माल वाळलेला. न वाजता दबला तर ओला. त्याचे तेल कमी निघणार आणि ढेपेला बुरशी धरणार. फुटलेला गर ते बोटावर अंगठ्याने चोळत आणि ते बोट माझ्यापुढे धरत. त्यावर तेलाची चकाकी दिसली की मगच सौद्याला बसत. मी तेव्हा सातवीत असेन.

दत्तापुरात आमचा लहानसा एक्स्पेलर होता. त्याआधी आजोबांची बैलावर चालणारी लाकडी घाणी होती. जवस, तीळ, करडई अशा गावकऱ्यांच्या तेलबिया गावकऱ्यांनाच गाळून द्यायच्या. मी त्या धंद्यात गेलो नाही, शाळेत इतिहास शिकवला. पण सहा एकर शेती सोडली नाही. त्यामुळे कापसाचा आणि तेलाचा भाव मी दोन्ही बाजूंनी पाहिला, विकणाऱ्याच्या आणि गाळणाऱ्याच्या. एवढ्या वर्षांत माझी एक खात्री झाली आहे. भाव चढू लागला की सरकारचा हात आठ दिवसांत येतो. भाव पडू लागला की तोच हात यायला हंगाम उलटतो. हे कोणत्या एका पक्षाच्या सरकारबद्दल मी म्हणत नाही. इंग्रजांपासून हे असेच चालत आले आहे.

आमच्या दत्तापूरच्या स्टेशनाचे गाव धामणगाव रेल्वे, त्या नावातच आमचा इतिहास आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले, ते फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी; इंग्रजांचा डोळा मात्र या काळ्या जमिनीतल्या कापसावर होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवले. भाव कित्येक पटींनी चढले. ज्वारीची वावरे पऱ्हाटीखाली गेली. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपले आणि त्याच वर्षी मुंबईचा बाजार कोसळला; प्रेमचंद रायचंदसारखा सटोडिया त्यात बुडाला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ नागपूरला टेकले ते १८६७ मध्ये. म्हणजे कापूस न्यायला आगगाडी आली, ती तेजी ओसरल्यावर. ज्वारीची जमीन मात्र परत ज्वारीकडे गेली नाही, कारण सारा रोख भरायचा होता आणि रोख पैसा कापसाचाच येत होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडात माणसे मेली, तेव्हाही याच रुळांवरून गाठी मुंबईकडे जातच होत्या. हा धडा वर्गात शिकवताना खिडकीतून मालगाडीचा आवाज येई आणि मला दोन मिनिटे थांबावे लागे.

१९०३ मध्ये मूर्तिजापूर-यवतमाळ ही लहान गाडी सुरू झाली, आमची शकुंतला. तोवर यवतमाळचा कापूस बंड्यांवर लादून बाभुळगाववरून आमच्याच स्टेशनावर यायचा, जवळजवळ ४५ किलोमीटर. एका बैलजोडीला दीड-दोन दिवसांची वाट. आजोबा सांगत की त्यांच्या वडिलांनी घाणी रस्त्याच्या कडेला मांडली, ती या गाडीवानांसाठी. बंडीच्या आखाला वंगण लागे, कंदिलाला तेल लागे आणि बैलाला ढेप.

सरकारने केलेले सगळेच वाईट झाले असे मात्र मी म्हणणार नाही. शेतमालाचा देशातला पहिला नियंत्रित बाजार १८८६ साली कारंजाला सुरू झाला, आमच्याच वऱ्हाडात. १८९७ साली वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. इंग्रजांना गिरण्यांसाठी स्वच्छ कापूस हवा होता, म्हणून त्यांनी तो केला हे खरे. तरीही त्यामुळे माप सर्वांसमोर होऊ लागले आणि हर्रास उघड्यावर बोलला जाऊ लागला. आज धामणगावच्या बाजार समितीत मापारी काट्याजवळ उभा असतो आणि शेतकरी त्याच्या खांद्यावरून आकडा वाचतो, त्यामागे त्या कायद्याची सव्वाशे वर्षे आहेत. मापातली चोरी कायद्याने पुष्कळ आवरली. भावातल्या चोरीला तो कायदा पुरा पडला नाही.

१९२९ नंतरच्या मंदीत हे उघडे पडले. कापूस निम्म्यावर आला. इंग्रज सरकारने १९२७ साली रुपयाची किंमत १ शिलिंग ६ पेन्स ठरवून दिली होती. १ शिलिंग ४ पेन्स ठेवा, असे इथले पुढारी घसा कोरडा करून सांगत होते. रुपया महाग म्हणजे परदेशात विकल्या जाणाऱ्या कापसाचे, जवसाचे रुपये कमी. मंदीतही सरकारने तो दर हलवला नाही. पुढे १९३१ नंतर देशातले सोने बोटींतून विलायतेला जाऊ लागले. पुस्तकात त्याला सोन्याची निर्यात म्हणतात. आमच्या घरात ती आजीच्या गोठांची जोडी होती, सारा भरण्यासाठी मोडलेली. आजी शेवटपर्यंत बोलताना उजव्या हाताने डावे मनगट चाचपत असे. त्या काळात मध्यप्रांत-वऱ्हाडात पापळचे पंजाबराव देशमुख मंत्री होते. १९३३ साली कर्ज लवाद कायदा झाला, सावकारीत अडकलेल्या कित्येकांच्या जमिनी त्याने वाचल्या. पडत्या काळात धावून आलेले सरकार म्हणून मला तेवढे एक उदाहरण मनापासून सांगता येते.

स्वातंत्र्यानंतरची मोठी गोष्ट म्हणजे एकाधिकार कापूस खरेदी. कायदा १९७१ चा, खरेदी १९७२-७३ च्या हंगामापासून. महाराष्ट्रातला कापूस सरकारी यंत्रणेशिवाय कोणी घ्यायचा नाही, व्यापारी मधून बाजूला, आणि जगात भाव वाढले तर नफा शेतकऱ्याला. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणतो. पहिल्या वर्षांत हातात बरे पैसे आले, लोकांनी विहिरी बांधल्या. डिसेंबरच्या थंडीत खरेदी केंद्राबाहेर बंड्यांच्या रांगा लागत. मी बाबांसोबत अशा रांगेत दोन रात्री काढल्या आहेत. बंडीखाली तडव टाकून, वर कापसाची ऊब, शेजारच्या शेकोटीवर कोणाचा तरी चहा. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर मूठभर कापूस ओढून धागा लांबवी, तेव्हा रांगेतली वीस माणसे त्याच्या बोटांकडे पाहत उभी असत. 

पण चुकारे लांबत गेले. हमीभाव आज, फरक नंतर, कपात मात्र आधी. राज्याच्या सीमेपलीकडे भाव बरा असला की रात्री ट्रक मध्य प्रदेशाकडे निघत. आणि मग जगाचा बाजार फिरला. १९९५ साली पाउंडाला डॉलरच्या वर गेलेला कापूस २००१ च्या शेवटी ४० सेंटच्या खाली आला. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना अनुदान देत होती आणि ते स्वस्तात माल ओतत होते. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि जिंकलीही. त्याच २००२ मध्ये आमची एकाधिकार खरेदी तोट्याने बसली. ज्या वर्षी छत्र सर्वांत जास्त हवे होते, त्याच वर्षी ते मिटले. पुढची चार-पाच वर्षे आमच्या भागात शेतकऱ्यांच्या किती आत्महत्या झाल्या ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या वर्गात एका वर्षात तीन मुलांच्या नावापुढे वडिलांच्या जागी आईची सही येऊ लागली. २००६ साली पंतप्रधान विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. तोवर पाच हंगाम गेले होते.

आता तेल. लोक कापूस म्हणजे रुई समजतात. एक क्विंटल कापसातून रुई निघते ती ३३-३४ किलो. बाकी जवळजवळ सगळी सरकी. त्या सरकीतून आमच्या एक्स्पेलरला सात-आठ किलो तेल मिळे, उरे ती ढेप. म्हणून सरकीचे तेल आणि ढेप पडली की रुई तेजीत असूनही कापसाला भाव मिळत नाही. बाबांचे गणित एवढ्यावर चाले. १९८६ साली केंद्राने तेलबिया अभियान सुरू केले, तेव्हा देश काही वर्षांत तेलात जवळजवळ आपल्या पायावर उभा राहिला. मग १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली, ६५ टक्के शुल्कावर. तेही ठीक होते. पण शुल्क उतरत उतरत १९९८ मध्ये १५ टक्क्यांवर आले. मलेशियाचे पामतेल दत्तापूरच्या किराणा दुकानात आमच्या सरकीच्या तेलापेक्षा स्वस्त मिळू लागले. बाबांनी तो हंगाम ओढून पाहिला. १९९९ च्या होळीला त्यांनी मोटर विकली. एक्स्पेलरचा सांगाडा भंगारवाल्याने किलोवर नेला. शेवटच्या दिवशी त्यांनी नळीतली उरलेली ढेप खरवडून काढली आणि शेजारच्या गाईपुढे टाकली. माय म्हणाली, "हात धुऊन घ्या." त्यांनी त्या दिवशी हात धुतले नाहीत.

शहरातल्या बाईला स्वस्त तेल हवे, हे मला मान्य आहे. तिचाही संसार आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून जास्त बाहेरून येते, तेव्हा सरकारला तिच्याकडे पाहावेच लागते. माझे म्हणणे एवढेच की तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कोण बसले आहे, तेही त्याच दिवशी पाहावे.

आता आमच्या भागात जवस औषधाला उरला, तीळ संक्रांतीपुरता. सगळीकडे सोयाबीन. क्विंटलभर सोयाबीनमध्ये तेल १८ किलोच्या आसपास, बाकी ढेप. म्हणजे त्याचा भाव कोंबड्यांच्या खाद्यावर ठरतो. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर तो वऱ्हाडात १०,००० रुपयांवर गेला. तेव्हा आमच्याकडे सोयाबीन कोणाच्या घरात होते? जवळजवळ कोणाच्याच नाही, ते वावरात फुलावर होते. ऑगस्टमध्ये १२ लाख टन सोयाढेप आयातीला परवानगी मिळाली आणि आमचा माल बाजारात येईतो भाव निम्म्यावर आला. डिसेंबरात वायदेही बंद झाले. २०२२ मध्ये कापूस १०,००० च्या पुढे गेला, तर एप्रिलमध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. २०२४ च्या सप्टेंबरात खाद्यतेलावरचे शुल्क वाढवले, तेव्हा मला खरेच बरे वाटले. तरीही त्या हंगामात ४,८९२ हमीभावाचे सोयाबीन ४,००० ते ४,२०० ला गेले. हमीभावाची खरेदी सुरू झाली, पण आधी ओलाव्यावर अडली, मग बारदान्यावर. २०२५ च्या मे अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचे ते शुल्क पुन्हा २० वरून १० टक्क्यांवर आले. पेरणीच्या तोंडावर.

बाबांची जुनी वही माझ्याकडे आहे, लाल कापडी बांधणीची. तिच्या कोऱ्या पानांवर मी दोन रकाने आखले आहेत. एकात सरकारी निर्णयाची तारीख, दुसऱ्यात त्या दिवशीचा धामणगावचा हर्रास. शेवटची मोठी नोंद १९ ऑगस्ट २०२५ ची आहे. कापसावरचे आयात शुल्क पुन्हा उठले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आमची पहिली, दुसरी वेचणी होऊन माल घरात येतो तो सगळा काळ. लांब धाग्याचा हमीभाव त्या वर्षी ८,११०. त्या दिवशी माझ्या पऱ्हाटीला पात्या आणि फुले होती. पहिल्या वेचणीच्या पूजेला, सीतादहीला, अजून दोन महिने होते.

पोळा तीन-चार दिवसांवर आला होता. पोळ्याच्या संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे राहिले, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. झडत्या सुरू झाल्या. दरवर्षी पोरे सरपंचाला, पावसाला, सासू-सुनेला धरून झडती म्हणतात आणि गाव हसते. या वेळी विशीतल्या एका पोराने झडतीत 'आयात शुल्क' हे दोन शब्द बसवले, यमकासह, आणि शेवटी हात वर करून महादेवाचा जयघोष केला. जयघोषाला सगळ्यांनी साथ दिली. हसले कोणी नाही. ढोलवाला थोडा वेळ टिपऱ्या धरून तसाच उभा राहिला, मग कोणीतरी तोरण तोडले आणि बैल निघाले.