खोलीखोलीत एकच सूर : घरात ध्वनियंत्रणा बसवताना

सोलापूर, प्रतिनिधी : गिरणीचा भोंगा झाला की एकेकाळी सोलापुरातील पेठाच्या पेठा एकाच क्षणी जाग्या होत असत. आवाजाचा उगम एक आणि ऐकणारी घरे अनेक, असा तो प्रकार होता. आता हौस आहे ती एकाच घरापुरती. दिवाणखाना, स्वयंपाकघर, देवघर आणि मागची खोली अशा सर्व ठिकाणी एकच गाणे एकाच वेळी ऐकू यावे, प्रत्येक खोलीतील आवाज वेगळा कमी-जास्त करता यावा आणि वाटल्यास एखाद्या खोलीत निराळेच काही लावता यावे. बाजारात या यंत्रणेला 'मल्टिरूम ऑडिओ' म्हणतात. नवे घर बांधणाऱ्याला तिची आठवण बहुधा रंगकाम आटोपल्यावर होते, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

वरकरणी हे काम सोपे वाटते. प्रत्येक खोलीत एक ब्लूटूथ स्पीकर ठेवला की झाले, असा अनेकांचा समज असतो. परंतु साधा ब्लूटूथ आवाज मूळ ध्वनीपेक्षा सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाने मागे पडतो आणि हा विलंब प्रत्येक कंपनीच्या स्पीकरमध्ये वेगळा असतो. हवेतून ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा मीटर अंतरावरील खोलीतला आवाज आपल्यापर्यंत येण्यास जवळपास ३० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढे कानाला खपते. विलंब त्याहून बराच वाढला की मात्र दोन खोल्यांमधील दारात उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. संगीतात हे एकवेळ चालून जाईल, बातम्यांत ते असह्य होते. आकाशवाणीबाबत तर हमखास फसगत होते. स्वयंपाकघरात जुना रेडिओ आणि दिवाणखान्यात इंटरनेटवरून तेच केंद्र लावले, तर इंटरनेटवरचा निवेदक काही सेकंद मागून बोलत राहतो. यात यंत्राचा दोष नाही. इंटरनेटवरून येणारा आवाज आधी थोडा साठवला जातो आणि मगच वाजतो. म्हणून सर्व खोल्यांसाठी उगम एकच ठेवावा.

तारेचा मार्ग

घर अद्याप बांधकामाच्या अवस्थेत असेल, तर आमच्या मते तारेला पर्याय नाही. तारेतून जाणारा आवाज सर्व खोल्यांत एकाच वेळी पोहोचतो, त्यासाठी कोणत्याही सॉफ्टवेअरची मदत लागत नाही. मात्र एका अॅम्प्लिफायरला हवे तितके स्पीकर जोडण्याचा मोह टाळावा. आठ ओहमचे चार स्पीकर समांतर जोडले की अॅम्प्लिफायरवरील भार दोन ओहमवर येतो. घरगुती अॅम्प्लिफायर बहुधा चार ओहमपर्यंतच सुरक्षित चालतात, त्याखाली ते तापतात आणि अखेर जळतात.

यावरील तोडगा आपण रोज पाहत असतो, फक्त तो घरात आणण्याचा विचार करत नाही. रेल्वे स्थानकावरील सूचना आणि मंगल कार्यालयातील सनई ज्या पद्धतीने दूरवरच्या अनेक स्पीकरांपर्यंत जाते, तिला '१०० व्होल्ट लाइन' म्हणतात. अॅम्प्लिफायर आवाजाचा विद्युतदाब वाढवून तारेत सोडतो आणि प्रत्येक स्पीकरवरील लहान ट्रान्सफॉर्मर तो पुन्हा उतरवतो. हिशेब ओहमचा नसून केवळ वॉटचा राहतो. सहा वॉटवर जोडलेले आठ स्पीकर म्हणजे ४८ वॉट, त्यासाठी ६० वॉटचा अॅम्प्लिफायर पुरेसा होतो. प्रत्येक खोलीच्या भिंतीवर पंख्याच्या रेग्युलेटरसारखी एक कळ बसवता येते. हे साहित्य मंडप आणि साउंडवाल्यांना परिचित असल्याने त्याची दुरुस्ती गावातच होते. ट्रान्सफॉर्मरमुळे तबल्याचा बायाँ किंवा मृदंगाचा खर्ज काहीसा फिका पडतो, हे मान्य करावे लागेल. ज्यांना बैठकीत बसून शास्त्रीय गायन ऐकायचे आहे, त्यांनी दिवाणखान्यापुरती स्वतंत्र स्टिरिओ जोडणी ठेवावी आणि उरलेल्या घराला लाइन द्यावी. या लाइनमध्येही शॉक बसण्याइतका दाब असतो, त्यामुळे जोड उघडे ठेवू नयेत.

स्टिरिओच्या साध्या जोडणीत तारेची जाडी महत्त्वाची ठरते. अॅम्प्लिफायरपासून २० मीटर अंतरावरील आठ ओहमच्या स्पीकरसाठी अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक तार वापरली, तर सुमारे १५ टक्के शक्ती तारेतच खर्च होते. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतल्यास हीच घट सहा टक्क्यांच्या आत राहते. स्पीकरचा पाइप विजेच्या पाइपपासून फूटभर दूर न्यावा. जेथे दोन्ही एकमेकांना ओलांडतात तेथे काटकोनात ओलांडू द्यावे, अन्यथा गुणगुण ऐकू येते. त्याच पाइपमधून एक कॅट सिक्स केबल ओढून ठेवण्याचा खर्च किरकोळ असतो, पुढे तिचा उपयोग होतोच.

बिनतारी यंत्रांचे आयुष्य

राहत्या घरात भिंती फोडणे शक्य नसते. तेथे वाय-फायवर चालणारे स्पीकर हाच व्यवहार्य मार्ग आहे. ही यंत्रे आपापसांत घड्याळ जुळवून घेतात, त्यामुळे प्रतिध्वनीचा त्रास होत नाही. त्यांची ध्वनिगुणवत्ताही आता उत्तम आहे. चिंता आहे ती त्यांच्या आयुष्याची. स्क्वीझबॉक्स या एकेकाळच्या लोकप्रिय यंत्राचे उत्पादन २०१२ मध्ये थांबले. गुगलने २०१५ मध्ये आणलेले क्रोमकास्ट ऑडिओ २०१९ च्या आरंभी बंद झाले. सोनोस या कंपनीशी चाललेल्या पेटंटच्या वादात २०२२ मध्ये गुगलच्या स्पीकरांवरून सर्व खोल्यांचा आवाज एकत्र कमी-जास्त करण्याची सोय काढून घेण्यात आली. ग्राहकाने पैसे मोजून घेतलेली सुविधा एका सकाळी दिसेनाशी व्हावी, असा हा प्रकार. खुद्द सोनोसने मे २०२४ मध्ये नवे अॅप आणले तेव्हा नेहमीच्या कित्येक सोयी नाहीशा झाल्याने ग्राहकांचा रोष ओढवला. स्क्वीझबॉक्सची कथा मात्र थोडी वेगळी निघाली. त्याचे सॉफ्टवेअर खुले असल्याने स्वयंसेवकांनी ते आजतागायत चालू ठेवले आहे. म्हणून खरेदीच्या वेळी यंत्राच्या मागे साधी तारेची जोडणी आहे का, ते आधी पाहावे. कंपनीने हात वर केले तरी ते यंत्र निदान साधा स्पीकर म्हणून वाजत राहील.

जुन्या पेठांतील वाड्यांत आणखी एक अडसर आहे. दोन हात जाडीच्या दगडी भिंतीतून पाच गिगाहर्ट्झचा वाय-फाय सहसा पलीकडे जात नाही, २.४ गिगाहर्ट्झचा त्यातल्या त्यात बरा जातो. तेथे प्रत्येक चौकात एक राउटर ठेवून ते केबलने जोडणे शहाणपणाचे ठरते.

आपल्याकडच्या खोल्यांचा आवाजही निराळा असतो. शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि मोजके सामान यांमुळे आवाज घुमतो व शब्द अस्पष्ट होतात. अशा वेळी मोठा स्पीकर घेणे हा उपाय नव्हे. एका मोठ्या स्पीकरऐवजी दोन लहान स्पीकर ऐकणाऱ्याच्या जवळ लावावेत. पडदे, गादी, भिंतीवर टांगलेली सोलापुरी चादर यांनीही फरक पडतो. अॅम्प्लिफायर माळ्यावर किंवा बंद कपाटात कोंडू नये. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा त्याला हवा लागते. वीज गेल्यावर यंत्रणा इन्व्हर्टरवर चालवायची असेल तर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्यावा, स्क्वेअर वेव्हवर स्पीकर घरघरतात. घरघर थांबावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे कारागीर आजही भेटतात, त्यांना तेथेच रोखावे.

घरी कोण असते?

प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरी काही वर्षांपूर्वी मोबाइलवर चालणारे तीन स्पीकर आणले गेले. पहिल्या आठवड्यात कौतुक झाले. नंतर लक्षात आले की सकाळी नऊनंतर मोबाइलधारक कार्यालयात जातो आणि घरात राहतात त्या ऐंशीच्या घरातल्या आजी. अभंग ऐकण्याची खरी ओढ त्यांनाच, आणि त्यांच्या हाती मात्र काही नाही. एकदा अॅपमधून आवाज मोठा राहिला तेव्हा त्यांनी स्पीकर उशीखाली दाबून ठेवला होता. शेवटी त्यांच्या खोलीत एक गोल कळ असलेला साधा रेडिओ आला. कोणतीही यंत्रणा निवडताना दिवसभर घरात असणाऱ्या व्यक्तीला ती चश्म्याविना चालवता येते का, हे दुकानातच तपासावे. भिंतीवरची कळ ही जुनाट गोष्ट नव्हे.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर याहून पाच डेसिबलपेक्षा जास्त असता कामा नये. रात्र म्हणजे दहा ते सहा. गच्चीवर किंवा गॅलरीत स्पीकर लावणाऱ्यांनी त्याचे तोंड घराकडे ठेवावे आणि त्या जोडणीला वेगळी कळ द्यावी.

बांधकाम चालू असणाऱ्यांनी आणखी एक काम विसरू नये. गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढून ठेवावे. पाइप कोठून गेला आहे, हे पुढे खिळा ठोकताना त्यावरूनच कळते.